लाडकी क्वाड लांबच्या गिऱ्हाइकाला विकताय? ट्रेलर, ओपन गाडी की क्रेट

माझी क्वाड, म्हणजे चिखलमातीत चालवायची चार चाकांची एटीव्ही, विकायला काढली तेव्हा जवळपासचे दोघं येऊन बघून गेले. त्यातल्या एकाने सीटवर बसून दोन चकरा मारल्या आणि असा काही भाव सांगितला की मी गुपचूप किल्ली परत मागितली. तिसरा माणूस फार लांबचा. त्याने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, पुढच्या डिफरन्शियलचं ऑइल शेवटचं कधी बदललंय, आणि माझं तिथेच ठरलं की गाडी याच्याकडेच जाणार. मग सुरू झाली खरी डोकेदुखी, कारण एटीव्ही काही पाकिटात घालून पाठवायची वस्तू नाही, मोठी युटिलिटी क्वाड म्हणजे ३०० किलोच्या आसपासचं धूड, लांबी दोन मीटरच्या वर आणि रुंदी साधारण सव्वा मीटर, दोन माणसांनी उचलतो म्हटलं तर कंबर जायची.

आता मी जे शिकलो ते आधीच सांगतो म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. सगळे जण भाड्याची तुलना करत बसतात, मीही तेच केलं, पण बघायचं हे की तुमच्या दारातून त्याच्या दारापर्यंत गाडी किती वेळा चढवली-उतरवली जाणार. चालत्या ट्रकवर नीट बांधलेल्या क्वाडला सहसा काही होत नाही, जे काही मोडतं ते चढ-उतारात मोडतं.

पण लांब विकायचीच कशाला?

हा प्रश्न आधी स्वतःला विचारा. साधी, चार-पाच वर्षं वापरलेली, बाजारात ढिगाने मिळणारी क्वाड असेल तर जवळचा गिऱ्हाईक थोडं कमी देत असला तरी बऱ्याचदा तोच परवडतो. वाहतूक, पॅकिंग, विमा, चार दिवसांचा जीवाला घोर, हे सगळं धरलं तर वरचे पैसे कुठे जातात कळत नाही. त्यात बघणारा समोर उभा असतो, पैसे देतो, गाडी नेतो, विषय संपला.

वेगळं काही असेल तर मात्र गोष्ट वेगळी. होंडाने १९७० मध्ये आणलेल्या तीनचाकी एटीव्हींचंच घ्या. अमेरिकेत १९८८ च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर नव्या तीनचाकींची विक्री बंद झाली, त्यामुळे आता जी चांगली राहिलीय तिला शोधत फिरणारी माणसं मोजकी आणि लांब लांब विखुरलेली. तसंच १९८६ ते १९८९ मधली होंडाचीच स्पोर्ट क्वाड, टीआरएक्स २५०आर. अशा गाडीचा खरा दर्दी शेजारच्या गल्लीत सापडेल ही आशा सोडा, तिथे लांब पाठवायची तयारी ठेवूनच जाहिरात टाकायची.

तो घ्यायला येणार की तुम्ही सोडायला जाणार

माझ्या मते सगळ्यात सुरक्षित हेच दोन प्रकार, कारण गाडी एकदाच चढते आणि एकदाच उतरते, आणि दोन्ही वेळा ज्याला तिची काळजी आहे असा माणूस तिथे उभा असतो. तो स्वतः आला तर चालवून बघतो, नंतर 'तुम्ही हे सांगितलं नव्हतं' हा सूर निघत नाही. त्याच्या बाजूने अडचण एवढीच की इतका लांब येऊन गाडी पसंत पडली नाही तर हेलपाटा वाया, त्यामुळे निघण्याआधी तो तुमच्याकडून बारीकसारीक सगळं विचारून घेईल आणि घेऊ द्यावं.

तुम्ही नेणार असाल तर ट्रेलर, डिझेल, एक मुक्काम, दोन दिवस कामाला सुट्टी हे धरा. यातला मधला मार्ग लोक विसरतात तो म्हणजे अर्ध्या वाटेत भेटायचं. दोघांचाही एक दिवस जातो आणि कोणालाच फार जड होत नाही. मला हे सुचेपर्यंत उशीर झाला होता म्हणून मुद्दाम लिहितोय.

ओपन गाडीवर थेट

म्हणजे गाड्या वाहून नेणारा ट्रेलर किंवा छोटा ट्रक येतो, क्वाड रॅम्पवरून वर, तुमच्या समोर बांधली जाते आणि तीच गाडी तिला थेट तिकडे उतरवते. क्रेटची भानगड नाही, लाकूडकाम नाही. पाऊस, धूळ, रस्त्यावरचे खडे हे लागणारच, पण क्वाड चिखलासाठीच जन्माला आलीय, दोन दिवसांच्या धुळीने तिचं काय बिघडणार. उलट लोक हौसेने ताडपत्रीसारखं कव्हर घालून पाठवतात ते मला पटत नाही, वाऱ्याने ते फडफडत राहतं आणि आतली धूळ पॉलिश पेपरसारखी प्लास्टिकवर घासते.

या प्रकारात गाडी चालू स्थितीत लागते. बॅटरी जोडलेली, टाकीत थोडंसं पेट्रोल, टायरमध्ये हवा. क्वाडच्या टायरला तशीही ५ ते ७ पीएसआय एवढीच हवा लागते, त्यामुळे एक चाक हळूच बसलं तर पटकन लक्षात येत नाही आणि मग वाटेत पट्टा सैल पडतो. निघायच्या आदल्या रात्री हवा भरा आणि सकाळी परत गेज लावून बघा.

बांधण्याबद्दल जरा सविस्तर, कारण इथे ड्रायव्हरवर सगळं सोपवून चालत नाही. चार कोपऱ्यांना चार रॅचेट पट्टे, खाली आणि बाहेरच्या दिशेने ओढलेले. पट्टा फ्रेमला नाहीतर सस्पेन्शनच्या आर्मला, सामान ठेवायच्या रॅकला कधीच नाही. रॅक वरून वजन झेलायला केलेला असतो, कडेने खेचायला नाही. पट्ट्यावरच्या लेबलवर दोन आकडे असतात, मोठा आकडा पट्टा तुटायचा, आणि वापरायचा भार साधारण त्याच्या एक तृतीयांश, तोच छोटा आकडा बघायचा. फ्रेमला बांधलं तर सस्पेन्शन थोडं दाबून बसवायचं म्हणजे गाडी उसळत नाही, नाहीतर थेट चाकांवरून पट्टे टाकायचे म्हणजे सस्पेन्शन मोकळं राहतं आणि पट्टे ताठ. लांबच्या प्रवासाला मला चाकांवरचे पट्टे जास्त आवडतात. पार्किंग ब्रेक लावा, गिअर टाका, आणि जिथे जिथे पट्टा रंगाला टेकतो तिथे जुन्या मोज्याचा तुकडा घाला. हसू नका, मोजा मस्त काम करतो.

पार्ट लोड, म्हणजे माझी चूक

पार्ट लोड म्हणजे इतरांच्या मालासोबत ट्रकमधली थोडी जागा घेणं, भाडं सगळ्यात कमी याचंच निघालं म्हणून मी हे निवडलं. ट्रान्सपोर्टवाल्याने फोनवर सांगितलं, गाडी 'तशीच' चालेल, क्रेट नको. त्याने हे नाही सांगितलं की ती वाटेत दोन गोडाऊनमध्ये उतरणार आणि परत चढणार. पार्किंग ब्रेक लावलेला, गिअर टाकलेला, किल्ली तर मी कागदांसोबत पाठवलेली, मग तिथली माणसं ढकलणार कशी? त्यांनी फोर्कलिफ्ट पुढून खाली घातली. काटे स्किड प्लेटखाली, म्हणजे गाडीच्या पोटाखालच्या जाड पत्र्याखाली, जायला हवे होते, एक गेला पुढच्या उजव्या एक्सलपाशी आणि त्याच्या सांध्यावरचं रबरी कव्हर, म्हणजे बूट, फाटला. डाव्या बाजूचा ब्रेक लिव्हर वाकला, मागचा रॅक एका कोपऱ्यात चेपला.

एवढं होऊनही भरपाई मिळाली असती. पण गाडी पोचली रात्री, ड्रायव्हरला घाई, घेणाऱ्याने मोबाईलच्या उजेडात वरवर बघितलं आणि बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, 'माल ठीक मिळाला' लिहून सही ठोकली. सकाळी ग्रीस टपकताना दिसलं. कंपनीने सहीकडे बोट दाखवलं आणि विषय मिटवला, बूट आणि लिव्हरचे पैसे मी भरले. चूक त्याची होती असं नाही, मीच त्याला आधी सांगायला हवं होतं की सही करण्याआधी गाडीभोवती दोन फेऱ्या मार, खाली वाकून बघ, जे दिसेल ते बिल्टीवरच लिही आणि ड्रायव्हरसमोर फोटो काढ.

विम्याचंही तेच. वाहतूकदाराची जबाबदारी बऱ्याचदा किलोमागे ठरलेल्या रकमेपुरती असते, गाडीच्या किमतीशी तिचा काही संबंध नसतो. किंमत जाहीर करून वेगळा विमा घेतलाय का, आणि त्यात चढ-उतारातलं नुकसान धरलंय का, हे लेखी विचारा. फोनवरचं 'हो हो, सगळं कव्हर आहे' काही कामाचं नाही.

मग क्रेट कधी?

जेव्हा गाडी वाटेत या हातातून त्या हातात जाणार हे नक्की असेल तेव्हा. क्रेटमुळे फोर्कलिफ्टला काटे घालायला जागा मिळते आणि काटा गाडीला लागत नाही, एवढंच तिचं खरं काम. नवी क्वाड शोरूमला लोखंडी सांगाड्याच्या क्रेटमध्ये येते आणि गाडी काढून घेतली की बऱ्याच डीलरांकडे तो सांगाडा भंगारात पडून असतो, गोड बोलून मागितला तर देतात सुद्धा. लाकूड विकत घेऊन स्वतः ठोकत बसण्याआधी हे करून बघा.

भाडं मालाने अडवलेल्या जागेवर लागत असेल तर थोडी खोलाखोल फायद्याची. हँडल सोडवलं आणि चाकं काढून आतच ठेवली की उंची १.२ मीटरवरून साधारण ०.९ वर येते, म्हणजे तीन घनमीटरचा डबा सव्वादोनवर. पण समोरच्याला पाना धरता येतो का ते आधी विचारा, नाहीतर बिचाऱ्याला डबा मिळेल, गाडी नाही. आणि उतरवून घेणार कसा तेही विचारा, घरापुढे आलेल्या ट्रकला हायड्रॉलिक लिफ्ट नसेल तर फाळका उघडून ३०० किलोची पेटी जमिनीपासून मीटरभर उंचावर नुसती बसून राहते. त्याला डेपोतून उचलणं जमत असेल तर ते बहुतेक वेळा स्वस्तही पडतं.

ओपन गाडीच्या अगदी उलट, इथे क्वाड 'झोपवून' पाठवायची. पेट्रोल काढून टाका, कार्ब्युरेटरवाली असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे बाऊलमधलंही संपतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून टोकाला टेप. पेट्रोलच्या गाड्या माल म्हणून यूएन ३१६६ नंबराखाली, धोकादायक मालाच्या क्लास ९ मध्ये धरल्या जातात, तेव्हा टाकी भरलेली लपवून पाठवायचा शहाणपणा नको, विशेषतः विमानाने जाणार असेल तर.

देशाबाहेर जात असेल तर क्रेटशिवाय दुसरा विचार करू नका, आणि लाकूड साधं चालत नाही. आयएसपीएम १५ या पॅकिंगच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशाला ३० मिनिटं तापवलेलं आणि त्यावर शिक्का मारलेलं लागतं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारखे देश वापरलेल्या यंत्रावरची माती आणि गवताचं बी बघून गाडी अडवून ठेवतात, म्हणून फेंडरच्या आत, स्किड प्लेटच्या वर, रेडिएटरच्या जाळीत जमलेला चिखल खरवडून काढावा लागतो. वरून चकाचक धुतलेली गाडी तिथे पास होत नाही.

पैसे आणि विश्वास

यावर थोडक्यात. पूर्ण रक्कम खात्यात पक्की जमा झाल्याशिवाय गाडी हलवू नका, स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. कोणी ठरल्यापेक्षा जास्त रक्कम पाठवून 'वरचे माझ्या ट्रान्सपोर्टवाल्याला द्या' म्हणालं तर तिथेच फोन ठेवा, ही जुनी फसवणूक आहे, तुम्ही दिलेले पैसे खरे असतात आणि त्याने पाठवलेले नंतर उडून जातात. खऱ्या गिऱ्हाइकाच्याही मनात भीती असतेच, ती तुम्ही घालवायची. मी थंड इंजिनचा व्हिडिओ दिला, आधी सायलेन्सरवर उघडा हात ठेवून दाखवला, मग स्टार्टर, काटछाट न करता. मग फ्रेमवरचा नंबर, तास मोजणारं मीटर, आणि बाभळीने ओरबाडलेला डावा फेंडर अगदी जवळून. ओरखडा दाखवला म्हणून त्याने भाव पाडला नाही, उलट पुढचं बोलणं सोपं झालं.

मी आज विकली तर

एका दिवसात गाठता येईल एवढं अंतर असेल तर ट्रेलर जोडून अर्ध्या वाटेत भेटेन, दुसरा विचार नाही. त्याहून लांब आणि गाडी चालू स्थितीत असेल तर ओपन गाडी, पण वाहतूकदाराकडून लिहून घेईन की मध्ये कुठेही उतरवणार नाही. बंद पडलेली, अर्धी खोललेली किंवा संग्रहातली जुनी गाडी असेल तर क्रेट, भाडं कितीही लागो. क्रेटशिवाय पार्ट लोडला कोणी फुकट नेतो म्हणाला तरी देणार नाही.

आणि दुसरी किल्ली गाडीसोबत पाठवू नका. एक ड्रायव्हरकडे, एक कुरियरने वेगळी, कारण माझी एकुलती एक किल्ली कागदांच्या पाकिटात बसून गाडीच्या चार दिवस मागे पोचली आणि तोवर तो बिचारा नव्या क्वाडला अंगणात नुसता पाणी मारत बसला होता.