साहेबांची इलेक्ट्रिक गाडी : ड्रायव्हरच्या सीटवरून

कार्यालयाने भाडेकराराने घेतलेली इलेक्ट्रिक गाडी आल्यापासून माझ्याच हातात आहे. त्याआधी डिझेलची जीप होती. गाडीच्या कंपनीचं आणि कार्यालयाचं नाव लिहीत नाही, अजून नोकरी करायची आहे. पण राज्य सरकारने १ जानेवारी २०२२ पासून नवीन सरकारी गाड्या इलेक्ट्रिकच घ्यायचं ठरवल्यापासून ओळखीचे ड्रायव्हर विचारत असतात, 'कशी आहे रे?' एकदाच सगळं लिहून टाकतो.

चालवायला झकास. क्लच नाही, गियर नाही. हातखंब्यापासून रत्नागिरीत येईपर्यंतच्या ट्रॅफिकमध्ये डावा गुडघा बोलायचा, तो आता गप्प आहे. चढाला पिकअप असा की मागे बसलेल्या साहेबांच्या हातातली फाईल सरकते. आवाज नसल्यामुळे वाडीतल्या अरुंद रस्त्यावर माणसं बाजूला होत नाहीत, हॉर्न जास्त लागतो. सीट, डिकी, म्युझिक यावर लिहिण्यासारखं काही नाही.

बॅटरी साधारण तीस युनिटची. कागदावर रेंज, म्हणजे एका चार्जिंगमध्ये जाणारं अंतर, तीनशे किलोमीटरच्या वर. एसी लावून, तीन माणसं घेऊन, आपल्या चढउतारावर दोनशेच्या आसपास धरा. राजापूर, लांजा, देवरुख, गुहागर, सगळे दौरे आरामात होतात. अडतं ते मंडणगडला. जिल्ह्याचं ते दुसरं टोक, एका बाजूनेच दीडशे किलोमीटरच्या वर, मध्ये परशुराम घाट आणि भोस्ते घाट. साहेबांची बैठक चार वाजता संपणार आणि रात्री आठला दुसरी बैठक रत्नागिरीत, असा दौरा या गाडीला लावू नका. आमच्याकडे लावतात, आणि मग वाटेत फास्ट चार्जरवर साहेब घड्याळाकडे आणि मी साहेबांकडे बघत बसतो.

खरी डोकेदुखी मात्र रेंज नाही, अर्थिंग आहे, म्हणजे चुकार करंट जमिनीत उतरवणारी जोडणी. हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही. गाडीसोबत जो चार्जर येतो तो आधी अर्थिंग तपासतो. नीट मिळालं नाही तर लाल दिवा लावून बसतो, एक युनिट आत घेत नाही. आणि आपली जमीन कसली? सड्यावरचा, म्हणजे उघड्या पठारावरचा जांभा दगड. पावसाळ्यात ठीक, पण एप्रिल-मेमध्ये जांभा कोरडा ठणठणीत झाला की अर्थिंग गेलंच. आमच्या शेडमध्ये पंधरा अँपियरचा नवा सॉकेट बसवला, वायर जाड टाकली, आणि ऐन मे महिन्यात गाडी रात्रभर लावूनही सकाळी टक्के होते तिथेच. शेवटी वायरमनने शेडच्या मागे नवा खड्डा खोल घेतला, पाईप टाकला, कोळसा आणि मीठ भरलं आणि वरून पाणी ओतायला तोंड ठेवलं. आता उन्हाळाभर मी शिपायांच्या आधी येतो आणि गाडी पुसायच्या आधी खड्ड्याला कळशीभर पाणी घालतो. जास्वंदीलाही कोणी इतकं नेमाने घालत नसेल. न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून चार्जरला फसवायचा सल्ला देणारेही भेटतील. अजिबात ऐकू नका. न्यूट्रल कुठे तुटली तर गाडीच्या पत्र्यात करंट उतरेल.

पावसाळ्याचं वेगळंच. काच धूसर होऊ नये म्हणून एसी सतत चालू, वायपर चालू, दिवसाढवळ्या लाईट चालू. त्याने रेंज थोडी खाली येते, फार नाही. पण जुलैत वादळवारा झाला, झाड तारांवर पडलं की लाईट कधी येईल सांगता येत नाही, आणि नेमकं त्याच रात्री दरड कोसळली म्हणून साहेबांना निघायचं असतं. म्हणून जून ते सप्टेंबर माझा नियम एकच : ऐंशी टक्क्यांच्या खाली गाडी शेडमध्ये उभी करायची नाही.

आमचा भाचा बोटीवर आहे. नॉर्वेच्या बंदरातून त्याने फोटो पाठवले. बर्फात उभ्या इलेक्ट्रिक गाड्या आणि खाली त्याचा टोमणा, 'मामा, इथे उणे तापमानात चालतात, तुम्ही पावसाला काय घाबरता?' तिथेही २०२२ पासूनच सरकारी खरेदीत मोटारी इलेक्ट्रिकच घ्यायचा नियम आहे. म्हणजे तिथला सरकारी ड्रायव्हर आणि मी एकाच वर्षी या फेऱ्यात आलो. पण त्याचा त्रास माझ्यापेक्षा मोठा आहे, हे मी भाच्याला ऐकवलं. अमेरिकेत ट्रिपल-ए नावाची वाहनचालकांची संस्था आहे. तिने २०१९ मध्ये पाच इलेक्ट्रिक गाड्या तपासल्या. ३५ अंशांच्या उन्हात एसी लावून रेंज सरासरी १७ टक्के घटली, तर उणे सातच्या आसपास हीटर लावल्यावर ४१ टक्के. हीटर न लावता थंडीतली घट फक्त १२ टक्के होती. म्हणजे बॅटरीला थंडी बाधते एवढंच नाही, माणसाला ऊब द्यायला त्याहून जास्त खर्च होतो. डिझेल गाडीत इंजिनची वाया जाणारी उष्णता फुकट आत येते. मोटर एवढी तापत नाही, तेव्हा हीटर बॅटरीतूनच घेतो.

त्यात थंड बॅटरी चार्जही पटकन घेत नाही. शून्याखाली जोरात चार्ज केली तर लिथियम आत धातू होऊन साचतं आणि बॅटरी कायमची खराब होते, म्हणून गाडी स्वतःच वेग कमी करते. माझ्या गाडीतली लोह-फॉस्फेटची बॅटरी उन्हाला सोशिक, पण थंडीला जास्त नाजूक. इथे बरी, तिथे विचार करून घ्यावी लागेल.

थंडीतली आणखी एक गोष्ट मला आंबा घाटात कळली, तीही थंडी नसताना. आंब्याला मुक्काम होता, रात्रभर चार्जिंग, सकाळी शंभर टक्के. घाट उतरायला लागलो तर पाय उचलल्यावर गाडी नेहमीसारखी ओढून धरेना. उतारावर मोटर जनरेटरसारखी चालून बॅटरीत जे परत भरते, ते भरायला जागाच नव्हती. सगळा भार ब्रेकवर. गारठलेल्या बॅटरीतही हेच होतं, कारण ती चार्ज नाकारते. साखरप्याकडे उतरताना रस्ता निदान कोरडा होता. बर्फाच्या घाटात काय होत असेल, ते मनाली-रोहतांगवर २०१७ पासून इलेक्ट्रिक बस नेणाऱ्या हिमाचलच्या ड्रायव्हरांना विचारायला हवं. मी तेव्हापासून घाटमाथ्यावर नव्वद टक्क्यांना चार्जिंग काढतो.

थंड मुलखातले लोक यावर तोड म्हणून निघण्याआधी, गाडी चार्जरला असतानाच बॅटरी आणि केबिन गरम करून घेतात. बॅटरीतला साठा रस्त्यासाठी शिल्लक राहतो. मेमध्ये मी तेच उलटं करतो : निघायच्या आधी चार्जर लावलेला ठेवून एसी सुरू, साहेब बसले की चार्जरची गन काढायची.

गाडीला पाचपैकी चार. भाड्याने देणाऱ्याच्या सेवेला दीड, कारण बिघाड झाला की माणूस कोल्हापूरहून येतो. आमच्या कार्यालयातल्या नियोजनाला एकही नाही. लॉगबुकात अजून 'डिझेल लिटर' हाच रकाना. मी त्यात निघतानाचे आणि पोचतानाचे टक्के लिहितो, लेखापरीक्षक दरवेळी लाल शेरा मारतात. तुमच्याकडे गाडी येणार असेल तर मागणीपत्र जाण्याआधी मोठ्या बाबूंना गाठा आणि तीन गोष्टी लिहून घ्या : कागदावरची नाही, तर जुलैच्या पावसात भरलेल्या गाडीची रेंज, शेडमध्ये अर्थिंगचा स्वतंत्र खड्डा, आणि लांबच्या तालुक्यासाठी एक डिझेल गाडी राखीव. जुनी जीप लिलावात काढायची घाई करत असतील तर तेवढी अडवा.