वाचनालयात कँडी थीम करताय? खऱ्या गोळ्या की कागदाच्या?

बालविभागात कँडी थीमवर काहीतरी करूया असं ठरलं की पहिला घोळ इथेच होतो, खरा गोड माल आणायचा की सगळं कागदाचं करायचं. आम्ही दोन्ही करून बघितलंय, एकदा संक्रांतीला खऱ्या हलव्याचं आणि नंतर मे महिन्याच्या सुट्टीत कागदी गोळ्यांचं. तुमची जागा आणि मुलं वेगळी असतील त्यामुळे अगदी असंच होईल असं नाही, पण आमचा अनुभव सांगतो.

खऱ्या मालाची मजा वेगळीच, हे आधीच मान्य. आमच्या एका वाचक आजींनी हलवा कसा करतात ते सांगितलं, मंद आचेवर तीळ नाहीतर खसखस घ्यायची, चमचा चमचा पाक सोडत हाताने हलवत राहायचं, एकेक थर चढत जातो आणि थंडी चांगली असली तर काटा छान येतो. साबुदाण्यावर, लवंगेवर पण हलवा करतात म्हटल्यावर मुलं एकदम पुढे सरकून बसली. दागिन्यांचं मात्र अवघड आहे. हलव्याला भोक पाडता येत नाही, दाणा दोऱ्याच्या गाठीत अडकवावा लागतो, सहा वर्षांच्या मुलाला ते कुठून जमणार, म्हणून आम्ही पुठ्ठ्याचे मुकुट कापून दिले आणि फेव्हिकॉलने हलवा चिकटवायला सांगितला. मग काय, एक दाणा मुकुटावर आणि दुसरा तोंडात, तेही फेव्हिकॉलच्या हाताने, त्यामुळे आम्ही मोठी माणसं पूर्णवेळ हात धरायलाच.

मुंग्यांची काळजी आधीच घेतली होती, खाली वर्तमानपत्रं अंथरली, नंतर फरशी दोनदा पुसली. जे सुचलंच नाही ते वेगळंच. बेसिन आमच्याकडे खालच्या मजल्यावर, आणि मुकुट झाला की मूल सरळ पुस्तकांच्या रॅककडे जातं. जायलाच हवं, त्याच्यासाठी तर कार्यक्रम. तीन-चार दिवसांनी एक चित्रांचं पुस्तक हातात घेतलं तर मधली दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली. नखाने हळूहळू सोडवायला गेलो, हत्तीची अर्धी सोंड समोरच्या पानावर आली आणि तिच्या जागी पांढरा कागद राहिला. हे पुस्तक मुलं नंबर लावून घरी न्यायची. त्या संध्याकाळी सगळा रॅक काढून एकेक पुस्तक उघडून बघितलं, साखरेचे हात लागलेली अजून बरीच निघाली. मुंग्या दोन दिवसांत जातात हो, फाटलेलं पान परत येत नाही. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

कागदी गोळीला फार काही लागत नाही. रद्दीचा बोळा, वरून रंगीत जिलेटीन पेपर, दोन्ही टोकं पिळून दोरा. वाचनालयात रद्दीला तोटा नसतोच. नुसतं पिळून भागत नाही, जिलेटीन लगेच उलगडतं, म्हणून एक मूल पिळून धरतं आणि दुसरं गाठ मारतं. त्रास इथेही आहे, कागद उडतात म्हणून ऐन मे महिन्यात पंखे बंद ठेवावे लागले, आणि सुरुवातीला यात खायचं काय हे किमान दहा जणांनी विचारलं.

पण कागदी गोळीच्या पोटात चिठ्ठी घालता येते! प्रत्येक बोळ्यात आम्ही एक इशारा ठेवला, पहिल्याच पानावर माकड असलेलं पुस्तक शोधा, नदीचं नाव असलेलं पुस्तक शोधा, असं. गोळ्यांची अदलाबदल झाली आणि पुढचा पाऊण तास मुलं रॅकमध्येच होती. एकीला चिठ्ठी आली, गोळीला ज्या गावाचं नाव आहे ते नकाशात शोधा. रावळगाव हे खरोखरचं गाव आहे हे तिला माहीतच नव्हतं, मालेगावजवळ बोट ठेवून ती सगळ्यांना बोलवत सुटली. मग १९३३ साली वालचंद हिराचंद यांनी तिथे साखर कारखाना काढला आणि गोळ्या त्यानंतर आल्या, हे सांगायला आपोआप निमित्त मिळालं.

अजून एक, आमच्याकडे एका मुलाला साखर वर्ज्य आहे. हलव्याच्या वेळी तो आईजवळ बसून होता, कागदाच्या वेळी सगळ्यात पुढे.

हात धुवायची सोय तिथल्या तिथे असेल आणि मुलं दहा-बाराच असतील तर संक्रांतीला हलवा जरूर करा, त्याची सर कागदाला येणार नाही. बाकी मी कागदाकडेच वळेन, आणि खरी गोळी निघताना, जिन्यात चपला घालून झाल्यावर हातात द्यायची. चिठ्ठ्या आदल्या दिवशीच लिहून ठेवा, आणि ज्या पुस्तकाचा इशारा दिलाय ते कोणी घरी नेलेलं नाही ना हे रजिस्टरमध्ये नक्की बघा, आमच्या दोन मुलांना रॅकमध्ये नसलेलं पुस्तक शोधावं लागलं होतं.