नेमा ३४ क्लोज्ड लूप सेट, मिलिंगवर आठ महिने वापरून

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटंसं शेड आहे, हायड्रॉलिकवाल्यांचे ब्लॉक ड्रिल-टॅप करून द्यायचं काम, आणि त्यात वडिलांच्या वेळचं एक एम१टीआर मॉडेलचं मिलिंग मशीन. ते मागल्या वर्षी सीएनसी केलं, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानं चालणारं. तेव्हापासून कुठली मोटर घातलीस, कुठला ड्रायव्हर, म्हणून बरेच जण विचारालेत, एकेकाला फोनवर सांगून तोंड दुखलं म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आत्ता एक्स आणि वायला (टेबलाच्या दोन आडव्या दिशा) नेमा ३४ (हे मोटरच्या तोंडाचं माप) क्लोज्ड लूप स्टेपर मोटर आहे, साडेआठ न्यूटन मीटरची. स्टेपर म्हणजे ठरावीक टप्प्यांनी फिरणारी, आणि क्लोज्ड लूप म्हणजे ती खरंच किती फिरली ते एन्कोडर ड्रायव्हरला सांगतो, आणि एचबीएस८६एच जातीचा ड्रायव्हर (मोटरला करंट देणारा डबा). पण हे दुसऱ्या खेपेचं. पहिल्या खेपेला माती खाल्ली ती आधी ऐका.

गावातल्याच एका दुकानात गेलो. दुकानदारानं पहिला प्रश्न विचारला, "किती केजीची पायजे?" (केजी म्हणजे किलो-सेंटिमीटर, मोटरच्या टॉर्कचं, पिळायच्या ताकदीचं माप.) आता मिलिंगचं टेबल जड, वर व्हाइस, वर जॉब, म्हणून मी म्हटलं मोठ्यातली मोठी द्या. त्यानं १२० केजीची नेमा ३४ काढली, सोबत टीबी६६०० ड्रायव्हर आणि ३६ व्होल्टचा एसएमपीएस (डीसी पावर सप्लाय). मी विचारलं एवढ्या मोठ्या मोटरला हा एवढासा ड्रायव्हर पुरंल काय, तर हसून म्हणाला, "साकु री (पुरे हो), ट्रॅक्टर ओढतंय ह्याच्यात." घेतलं. बॉल स्क्रू ५ एमएम लीडचे (एका फेऱ्यात टेबल ५ एमएम सरकतं) आधीच बसवले होते, मोटरी लावल्या, नारळ फोडला, टेबल हललं, सगळ्यांनी फोटो काढले.

तिसऱ्या ब्लॉकला होल सरकली. आधी वाटलं प्ले (ढिलेपणा) आहे, गिब (टेबलाच्या सरकपट्ट्या) आवळले. मग वाटलं कपलिंगचा ग्रब स्क्रू घसरतोय, तो काढून शाफ्टवर फ्लॅट मारून परत आवळला. दोन दिवस असेच गेले. शेवटी बाजूच्या शेडमधल्या म्हाताऱ्या फिटर मामांनी डायल गेज लावला, झिरो केला आणि म्हणाले आता टेबल नुसतं पळव, वीस वेळा तिकडं, वीस वेळा इकडं. परत आलं तर ०.१०. पुन्हा पळवलं, ०.३०. पुन्हा, ०.२०. मामा म्हणाले, "प्ले असता तर दर खेपेला तेवढाच दाखवला असता, हे उड्या मारालंय." रात्री जेवताना डोक्यात ट्यूब पेटली. स्टेपरच्या रोटरला ५० दात असतात, म्हणजे एका दातातून निसटला की सरळ पुढच्या दातात जाऊन बसतो, ७.२ डिग्री, फुल स्टेपच्या हिशोबात चार स्टेप. ५ एमएम लीडला ७.२ डिग्री म्हणजे बरोबर ०.१ एमएम! गेज ०.०७ किंवा ०.१३ कधीच दाखवत नव्हता, कायम ०.१० च्या पटीत. म्हणजे ना गिब ना कपलिंग, मोटर स्टेप हुकालीय. ही युक्ती लक्षात ठेवा, मशीन खोलायचे दोन दिवस वाचतात.

आता एवढी १२० केजीची मोटर हुकली का? तर ते १२० केजी उभं असतानाचं, होल्डिंग टॉर्क, मोटर फिरायला लागली की तो उतरतो, आणि किती लवकर उतरतो ते वाइंडिंगच्या इंडक्टन्सवर आणि तुम्ही देताय त्या व्होल्टेजवर. इंडक्टन्स जास्त असला की कॉइलमध्ये करंट चढायला वेळ लागतो, स्पीडमध्ये करंट पूर्ण चढायच्या आत पुढची स्टेप येते. एक जुना ठोकताळा आहे, इंडक्टन्स मिलिहेन्रीमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, ३२ नं गुणा, तेवढे व्होल्ट पायजेत. माझी मोटर ६ मिलिहेन्रीची, हिशोब येतो ७८ व्होल्ट, आणि मी देत होतो ३६. वर मोटरला ६ अँपिअर लागतात आणि त्या ड्रायव्हरची उडी ४ पर्यंत. म्हणजे बैल मोठा, पण वैरण अर्धी. फीडला (कापतानाच्या हळू चालीला) चालायचं, रॅपिड (न कापता पळायचा स्पीड) मिनिटाला १२०० एमएमच्या वर नेला की गुरगुरायचं आणि हुकायचं. दुकानदारानं मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही, पण त्यानं केजी सोडून दुसरं काय विचारलंच नाही आणि मला विचारायचं माहीत नव्हतं.

म्हणून दुसरा सेट. पुण्याहून मागवला, रात्रीच्या बसनं पार्सल आलं, एक अक्सिस पंधरा हजाराच्या आसपास पडला. साडेआठ न्यूटन मीटर म्हणजे साधारण ८७ केजी, कागदावर जुन्यापेक्षा कमीच, घरात सगळ्यांनी वेड्यात काढलं. पण आज रॅपिड ३००० वर ठेवलाय आणि मामांची वीस-वीसची परीक्षा घेतली की गेजचा काटा झिरोवर येतो. मोटर गार राहते कारण लोड असंल तेवढाच करंट खेचते, जुनीला दुपारी हात लावता येत नव्हता. आवाज पण निम्म्यावर.

सप्लाय एसएमपीएस घेतला नाही, ५० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर बांधून घेतला, हा ड्रायव्हर एसी थेट घेतो. ७० व्होल्ट एसीपर्यंत चालतं असं लिहिलंय म्हणून ७० चा बांधू नका हं. आपल्याकडं रात्री लाईन २५० च्या वर जाते, आणि जड टेबल थांबताना मोटर उलटा व्होल्टेज सोडते ते वेगळं.

मायक्रोस्टेप (एका फेऱ्याचे किती बारीक तुकडे पाडायचे ते) १६०० पल्सवर ठेवलाय, म्हणजे एमएमला ३२०. शिरोळीचा मित्र वायरिंगला आला होता (फी म्हणून कुंद्याचा एक डबा), तो म्हणाला ६४०० वर ठेव, अॅक्युरसी वाढते. वाढत नाही, नुसतं मऊ चालतं, आणि माझा जुना पीसी माक३ (मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) पॅरलल पोर्टवर २५ किलोहर्ट्झला, त्याला तेवढे पल्स काढायला जमत पण नाही.

आता तक्रारी. एन्कोडरची केबल आखूड, कनेक्टर नाजूक, तेल-बुरा उडतो तिथं तो उघडा ठेवला तर टिकणार नाही, मी सायकलची ट्यूब चढवून दोन्हीकडं टाय मारलाय. मॅन्युअल वाचून डोकं दुखतं. अलार्मची वायर जोडायची का नाही ते नीट लिहिलेलंच नाही, पण जोडाच, सगळ्यात महत्त्वाची तीच. मोटर अडकली की ड्रायव्हरचा लाल दिवा लुकलुकतो, पण वायर ई-स्टॉपला (इमर्जन्सी स्टॉपला) नेली नसंल तर बाकीचा प्रोग्राम आपला चालूच, एक्स उभा आणि वाय पळतोय. आणि क्लोज्ड लूप म्हणजे जादू नव्हे. एन्कोडर मोटरच्या पाठीवर असतो, पुढं नटमध्ये प्ले असला तर त्याला त्याचा पत्ता नसतो. जुना झिजलेला लेड स्क्रू तसाच ठेवून हा सेट लावणार असाल तर पैसे वाया.

झेडला (वर-खालीच्या दिशेला) मात्र ब्रेकवाली मोटर घ्या, दीड-दोन हजार जास्त गेले तरी. जुना स्क्रू जागेवर अडून राहायचा, बॉल स्क्रू राहत नाही. मी साधी लावली होती, एक दिवस करंट गेला आणि क्विल (कटर धरून वर-खाली होणारा भाग) सावकाश, अगदी शांतपणे, खाली येऊन १२ चा कार्बाइड एंड मिल व्हाइसवर टेकून मोडला. आता ब्रेकवाली आहे.

जुन्या मोटरींपैकी एक रोटरी टेबलला लावलीय, तिथं हळूच फिरायचं असतं, झकास चालते. दुसरी शेडमध्ये पडून आहे, कुणाला पायजे असंल तर घेऊन जावा. त्याच्यासोबतचा ड्रायव्हर मागू नका, पावर चालू असताना मी मोटरची वायर उपसली आणि तो गेला.