ई६बी चकती घेतली, गणित झकास पण रिबिटं ढिली!

भाचा सेकंड पीयूसीला (बारावीला) आहे, पायलट व्हायचं खूळ डोक्यात, बेळगावच्या सांबरा विमानतळावरनं विमान उठलं की अजून गच्चीवर पळतो. त्याच्यासाठी ऑनलाइन ई६बी मागवलं, म्हणजे पायलट लोकांचं वारा, दिशा नि वेळेचं गणित करायचं हातातलं साधन, प्लास्टिकचं, साडेबाराशेला. बॅटरी नाही की चार्जिंग नाही, एक फिरणारी चकती आणि मधनं सरकणारी पट्टी, बस. १९३० च्या दशकात अमेरिकन नेव्हीतल्या फिलिप डाल्टननं काढलेली आयडिया, ट्रेनिंगला अजून चालते.

टेस्टला बेळगाव ते पुणे धरलं. नकाशावर मोजली तर दिशा साधारण ३४६ अंश, अंतर १६८ नॉटिकल मैलांच्या आसपास. विमानाचा हवेतला स्पीड १२० नॉट (तासाला तितके नॉटिकल मैल) आणि वारा पश्चिमेकडनं, म्हणजे २७० अंशाकडनं, ३० नॉट असं समजलो, पावसाळ्यात आमच्याकडं वारा त्याच बाजूचा की! आधी वहीत केलं. वाट आणि वारा यांच्यात ७६ अंश, मग ३० गुणिले साइन ७६, भागिले १२०, आणि त्याचा उलटा साइन काढला की १४ अंश. म्हणजे पुण्याला जायचं तर नाक ३३२ वर, डावीकडं वाऱ्यात घुसवून धरायचं. जमिनीवरचा स्पीड १०९ च भरतो, त्यामुळं वारा नसता तर ८४ मिनिटांची असती ती वाट ९२ वर जाते. भाचा म्हणतोय, "मामा, हे मलप्रभा नदीत नाव घालायचंच गणित की ओ!"

आता चकतीवर. चकतीवरचा २७० हा आकडा वरच्या बाजूच्या खुणेखाली आणायचा, मधल्या भोकापासनं वर ३० वर पेन्सिलनं टिंब, मग चकती फिरवून ३४६ त्या खुणेखाली आणायचं आणि टिंब १२० च्या कमानीवर येईपर्यंत पट्टी सरकवायची. टिंब डावीकडं १४ च्या रेघेवर, भोकाखाली १०९. व्हेक्टरचा त्रिकोण डोळ्यांसमोर उभा राहतो, नुसतं उत्तर देणाऱ्या मोबाईल ॲपमध्ये ही मजा नाही.

सोबतचा कागद मात्र भिकार, वारा "कुठनं येतो" ते मांडायचं हे धड लिहिलेलंच नाही. पहिल्यांदा आम्ही ९० वर, म्हणजे पूर्वेकडनं मांडला, हेडिंग (नाकाची दिशा) आलं ३६०, तसं उडालो असतो तर पुणे सोडून जामखेडच्या बाजूला निघालो असतो 😄

आणि कोपऱ्यातली रिबिटं ढिली, चकती दोन अंश तरी हलते. विकणाऱ्याला फोटो पाठवले, तर परत घेत नाही म्हणे. शेवटी खडेबाजारात एका चष्मेवाल्याकडनं ठोकून आणली, त्यानं वीस रुपये घेतले आणि हे काय म्हणून दहा मिनिटं विचारत बसला.

पाचपैकी साडेतीन.