हाँगकाँगमध्ये जिनसेंगच्या दुकानात आमची झालेली फसवणूक, आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर नक्की वाचा

कोणी येत्या सुट्टीत हाँगकाँगला जाणार असेल तर प्लीज हे शेवटपर्यंत वाचा. आमचे तिथे एका दुकानात 3,040 हाँगकाँग डॉलर गेले, म्हणजे आपले तीस हजाराच्या वर, आणि पाकीट मारलं नाही की बॅग चोरली नाही, भर दुपारी लखलखीत दिव्यांच्या दुकानात कार्ड स्वाइप करून, पावती हातात देऊन घेतले. पाकीटमारापासून आपण सगळेच जपतो, पासपोर्ट आतल्या खिशात, पैसे दोन ठिकाणी वगैरे. या प्रकाराबद्दल मात्र निघायच्या आधी आम्हाला कोणीही सांगितलं नव्हतं आणि टूरवाल्याने दिलेल्या सूचनांमध्येही त्याचा उल्लेख नव्हता.

मी, आई आणि धाकटा भाऊ असे गेलो होतो. त्सिम शा त्सुई भागात नेथन रोडच्या आतल्या एका गल्लीत जिनसेंगची, म्हणजे औषधी म्हणून विकतात ती सुकवलेली मुळं, मशरूम, माशांचे वाळवलेले प्रकार अशा मोठ्या काचेच्या बरण्या मांडलेलं दुकान होतं, दारात एक मुलगी छोट्या कागदी कपात गरम चहासारखं काहीतरी येणाऱ्याजाणाऱ्यांना देत होती. आईला बघून लगेच नमस्ते नमस्ते, आंटी नी पेन, व्हेरी गुड फॉर नी. आईचे गुडघे दुखतात हे तिच्या चालण्यावरून कोणालाही कळेल. आत गेलो तर पाणी दिलं, खुर्ची दिली, एवढी आपुलकी की आई म्हणाली किती चांगली माणसं आहेत.

जिनसेंगच्या बरणीवर लाल अक्षरात मोठं 380 लिहिलेलं, त्याच्या खाली कोपऱ्यात बारीक चिनी अक्षर. भावाने विचारलं हा भाव किलोला का, तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, नो किलो, हिअर कॅटी, सिक्स हंड्रेड ग्रॅम. आता हे नीट बघा, त्याने कॅटी म्हणजे किती ते सांगितलं, 380 कॅटीला आहे असं एकदाही म्हणाला नाही. पण ऐकणारा काय समजणार? अर्धा कॅटी द्या म्हटलं, म्हणजे 190 डॉलर, मावशीला आणि काकूला पण थोडं देता येईल. त्याने वजन केलं आणि आम्ही काही बोलायच्या आत तो सगळा माल मागच्या कापायच्या मशीनमध्ये ओतला, खटखटखट, मिनिटाभरात सगळ्याच्या चकत्या. वर हसून म्हणतो कटिंग फ्री. मग कॅल्क्युलेटर पुढे केला, 380 गुणिले 8, 3040.

भाव टेलचा होता. हाँगकाँगमध्ये जुनी वजनं अजून कायदेशीर चालतात, 1 कॅटी म्हणजे साधारण 605 ग्रॅम, त्याचे 16 टेल, एक टेल साधारण 37.8 ग्रॅम, म्हणजे आपल्या तीन तोळ्यांपेक्षा थोडं जास्त. शेराचा वाटेल असा भाव लावायचा आणि बिल तोळ्याने करायचं, असा हा प्रकार. आणि टेलच्या खाली अजून एक माप आहे, मेस, टेलचा दहावा भाग, चार ग्रॅमसुद्धा नाही. काही दुकानं मेसचा भाव लावतात, म्हणजे जे कॅटीला समजून घेतलं त्याचे थेट 160 पट पैसे. आमचं सोळा पटीवर भागलं.

आम्ही नको म्हटल्यावर त्या दुकानाचा चेहराच बदलला. कापलेला माल परत होत नाही, आता हा मी कोणाला विकू, तुम्ही ऑर्डर दिली, असं आवाज चढवून, आणि अजून दोन माणसं आमच्या आणि दाराच्या मधे येऊन उभी राहिली. हात लावला नाही कोणी, नुसती उभी. मघाशी आंटी आंटी करणारी मुलगी मान खाली घालून कप भरत बसली. आईचा चेहरा पांढरा पडला, तिला बीपी आहे, भावाने कार्ड दिलं आणि आम्ही बाहेर पडलो. माझा खरा राग पैशांचा नाहीये, एका सत्तरीच्या बाईला खुर्ची देऊन, गुडघ्यांची चौकशी करून मग तिला असं घाबरवायचं, याचा आहे.

हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या बाईंनी पावती बघितल्याबरोबर ओळखलं. त्यांनी सांगितलं की पोलिसांत जायच्या आधी कस्टम्सला फोन करा. हे आपल्याला विचित्र वाटतं कारण आपल्याकडे कस्टम्स म्हणजे विमानतळावरचे लोक, पण हाँगकाँगमध्ये दुकानदाराने ग्राहकाला फसवलं तर ते बघायचं काम कस्टम्स अँड एक्साइज डिपार्टमेंटचं आहे. तिथे ट्रेड डिस्क्रिप्शन्स ऑर्डिनन्स म्हणून कायदा आहे, 2013 पासून त्यात भावाचं एकक लपवणं, महत्त्वाची माहिती न सांगणं, दबाव टाकून विकणं हे सगळं गुन्हा आहे आणि जास्तीत जास्त शिक्षा 5 लाख हाँगकाँग डॉलर दंड आणि 5 वर्षं कैद. जिनसेंग आणि सुक्या मालाच्या दुकानांवर याच प्रकारासाठी तिथे खटले झालेले आहेत. कस्टम्सची चोवीस तासांची हॉटलाइन 182 8080, कन्झ्युमर कौन्सिलचा नंबर 2929 2222, आणि दुकानातून बाहेर पडूच देत नसतील तर सरळ 999 लावा, तिथल्या तिथे, त्यांच्या समोर. फोन करतोय एवढं दिसलं तरी बऱ्याचदा दार मोकळं होतं असं त्या बाई म्हणाल्या.

तुम्हाला असं काही घ्यायचंच असेल तर बरणीवरच्या भावाकडे बघूच नका. मला 100 ग्रॅम हवंय, एकूण किती डॉलर होतील, ते कागदावर लिहून दे, असं म्हणा, आणि तो आकडा हातात येईपर्यंत माल तराजूवरून हलू देऊ नका. कापणं, दळणं, फोडणं, पॅक करणं, काहीही फ्री असलं तरी नंतर. या सगळ्या खेळात मशीनच महत्त्वाचं आहे, कारण एकदा कापलं की तुम्ही अडकलात असं तुम्हाला वाटायला लावतात. बरणीचा आणि तिच्यावरच्या पाटीचा फोटो आधी काढून ठेवा, दुकान सरळ असेल तर कोणी काही बोलत नाही. बघायचीच हौस असेल तर शेउंग वानला जा, तिथे विंग लोक स्ट्रीट आणि देव्हो रोड वेस्टवर या मालाची दुकानं ओळीने आहेत आणि स्थानिक लोक स्वतः घेताना दिसतात, त्यांना भाव किती आणि कोणत्या मापाला लागतो ते बघून आपल्याला अंदाज येतो.

कॅमेरा, मोबाईल, लेन्सच्या बाबतीतही याच भागात सांभाळा. बाहेर भाव एकदम कमी, पैसे घेतले की हा पीस आत्ता स्टॉकमध्ये नाही, याच्यात प्रॉब्लेम आहे, हा दुसरा घ्या, आणि दुसरा दुप्पट किमतीचा. किंवा चार्जर बॅटरी वेगळी. डबा उघडून हातात येईपर्यंत कार्ड द्यायचं नाही, बस.

बाकी शहराबद्दल सांगायचं तर आम्हाला वाईट अनुभव कुठेच आला नाही आणि हे मला मुद्दाम लिहायचंय, कारण नाहीतर वाचून लोक जायचेच थांबतील. जिथे भाडं ठरलेलं आहे आणि मशीन पैसे कापतं तिथे निर्धास्त राहा. विमानतळावरच ऑक्टोपस कार्ड घ्या, मेट्रो, बस, ट्राम, फेरी, छोटी दुकानं सगळीकडे चालतं. त्सिम शा त्सुईत राहत असाल तर ए21 बस विमानतळावरून थेट नेथन रोडला आणते, एअरपोर्ट एक्सप्रेसपेक्षा वेळ जास्त लागतो पण खूप स्वस्त. बंदर बघायला महागडी क्रूझ घ्यायची काही गरज नाही, स्टार फेरी या बोटीने त्सिम शा त्सुईहून पलीकडच्या किनाऱ्यावरच्या सेंट्रल भागात जा, पाच सहा डॉलरच्या आसपास तिकीट आणि अख्खा व्हिक्टोरिया हार्बर समोर, संध्याकाळी तर डोळ्यांचं पारणं फिटतं. ही फेरी 1888 मध्ये दोराबजी नवरोजी नावाच्या पारशी माणसाने सुरू केली होती, आईला हे सांगितल्यावर ती इतकी खूश झाली की आम्ही परत एक फेरी मारली. रात्री 8 ला दोन्ही किनाऱ्यांवरच्या इमारतींचा लाइट शो असतो तो पण फुकट, कोणी स्पेशल जागेचे पैसे मागत असेल तर पुढे चला, किनाऱ्यावर जागाच जागा आहे.

टॅक्सीचं थोडं. शहरातल्या टॅक्सी लाल, मीटरनेच जायचं. रात्री आणि व्हिक्टोरिया पीक या डोंगरावरून खाली येताना काही जण अमुक एवढे द्या असं सांगतात, बसायचं नाही, सेंट्रलला जाणारी 15 नंबरची बस तिथूनच सुटते. डिकीतल्या बॅगेचे नगावर पैसे आणि बोगद्याचा टोल हे मात्र खरे असतात, त्यावरून भांडू नका. हार्बर ओलांडताना परतीचाही टोल लागू शकतो, क्रॉस हार्बर, म्हणजे पलीकडे जाणाऱ्या टॅक्सींच्या खास स्टँडवरून बसलं तर लागत नाही. उतरताना छापील पावती मागा, त्यावर गाडीचा नंबर असतो.

रस्त्यावर भगव्या किंवा करड्या कपड्यातला भिक्षू सोनेरी कार्ड किंवा मण्यांचं ब्रेसलेट हातात देईल आणि मग वही दाखवेल, अमक्याने इतके दिले तमक्याने तितके. आपल्याकडची माणसं साधू म्हणून लगेच हात पुढे करतात. खरे भिक्षू तिथे रस्त्यावर असे पैसे मागत फिरत नाहीत, वस्तू हातात घेऊच नका, नमस्कार करून पुढे.

पैसे बदलताना बाहेरच्या बोर्डावर विश्वास नको, माझ्या या नोटांचे एकूण किती मिळतील एवढंच विचारा, कमिशन धरून. आणि कार्ड मशीनने रुपये का हाँगकाँग डॉलर विचारलं तर कायम डॉलर, रुपये निवडले की दुकानदाराच्या बँकेचा वाईट रेट लागतो.

निघायच्या आधीची एक फसवणूक घरबसल्या होते. भारतीय पासपोर्टवर 14 दिवसांसाठी व्हिसा लागत नाही, पण 2017 पासून प्री अरायव्हल रजिस्ट्रेशन करावं लागतं आणि ते हाँगकाँग सरकारच्या इमिग्रेशनच्या साइटवर पूर्णपणे मोफत आहे. सर्चमध्ये वरती येणाऱ्या काही साइट त्याचे हजारो रुपये घेतात, दिसायला अगदी सरकारी. साइटच्या नावाच्या शेवटी जीओव्ही डॉट एचके (gov.hk) आहे ना ते बघा.

आमच्या तक्रारीचं विचाराल तर कस्टम्सच्या अधिकाऱ्याने त्याच संध्याकाळी सगळी माहिती घेतली, पावतीचा फोटो घेतला, पिशवी उघडली का विचारलं. सुदैवाने उघडली नव्हती आणि ती तशीच पुरावा म्हणून त्यांनी ठेवून घेतली. म्हणून सांगते, रागाने माल फेकून देऊ नका, चाखूनही बघू नका, दुकानाच्या पाटीसकट फोटो, पावती, कार्डची स्लिप, किती वाजता घडलं, कोण काय म्हणालं, हे सगळं त्याच दिवशी लिहून ठेवा आणि हाँगकाँग सोडायच्या आधी तक्रार करा. इथे आल्यावर बँकेत डिस्प्यूट टाकला तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट मागितली ती तिथल्या तक्रारीचा नंबर. पैसे अजून आलेले नाहीत.