जेल की झिंक? किनाऱ्यावरच्या रोजच्या उन्हासाठी दोन सनस्क्रीन

एसपीएफ 50 आणि पीएपुढे (ही यूव्हीए या अतिनील किरणांपासूनच्या बचावाची खूण) चार अधिक चिन्हं दोन्हींवर छापलेली असतात, तेव्हा त्या आकड्यांवरून निवड करायला जाऊ नका. एसपीएफ 30 चं सनस्क्रीन यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणाऱ्या अतिनील किरणांपैकी साधारण 97 टक्के अडवतं, 50 चं 98. शिवाय हे आकडे येतात ते चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम एवढा जाड थर देऊन. आपण घाईत त्याच्या निम्मंही लावत नाही. कोकणात खरा प्रश्न वेगळाच असतो. घाम, खारा वारा, तोंडाला गुंडाळलेला स्टोल आणि घरच्या विहिरीचं पाणी या चौघांपुढे कोणतं निभावतं?

शेवटचं नाव वाचून कुणी चमकेल. त्याच्याकडे येतेच.

मी पावसहून रत्नागिरीला रोज स्कूटरने जाते आणि एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. गोळपच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, सावली औषधालाही सापडत नाही. भाट्याच्या पुलावर वरून ऊन आणि खालून खाडीच्या पाण्याची तिरीप. मेच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य आपल्याकडे अगदी डोक्यावर येतो, भर दुपारी स्वतःची सावली पायाखाली जाते, आणि यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा, 11 च्या वर जायला वेळ लागत नाही. त्यामुळे सनस्क्रीन लावावं की नाही यावर मी वाद घालत नाही. दोन्ही प्रकार भरपूर वापरलेत, म्हणून हे लिहितेय.

जेल म्हणजे ते पातळ, चेहऱ्यावर लगेच जिरणारं, ज्याला दुकानात 'केमिकल' म्हणतात. झिंक म्हणजे झिंक ऑक्साइडचं, 'मिनरल'. माझ्या डोळ्यांपुढे आहे ते रंग घातलेलं, टिंटेड. तसं बघायला गेलं तर केमिकल दोन्हीही आहेत, आणि झिंक ऊन आरशासारखं परतवून लावतं ही समजूतही फारशी खरी नाही. तेही बहुतेक यूव्ही शोषूनच घेतं. मिनरल म्हणजे आयुर्वेदिक, असं जे घरोघरी धरून चालतात, त्याला काही अर्थ नाही. ब्रँड मी मुद्दाम सांगत नाही. कंपन्या तेच नाव ठेवून आतला मसाला बदलतात, आणि मग आपण सांगितलेलं खोटं पडतं.

जेलच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. सकाळी पोळ्या आटपून, डबे भरून, गाडीची किल्ली शोधताना जे मिनिटभरात चेहऱ्यात जिरतं त्याचं मोल मोठं आहे. पांढरेपणा नाही, चिकटपणा नाही, लावल्याची आठवणही राहत नाही. आणि एक फार महत्त्वाची गोष्ट: दोन बोटं भरून घ्यायला हात आखडत नाही. झिंक घट्ट, म्हणून माणूस नकळत कमी घेतो, आणि कमी घेतलं की 50 चा आकडा नुसता ट्यूबवर राहतो. हा गुण मी जेलला मनापासून देते. दोन बोटांच्या हिशेबाने रोज एकदा लावलं तर 50 ग्रॅमची ट्यूब महिना-सव्वा महिना जाते, मग ती कोणतीही असो. तीन-तीन महिने पुरत असेल तर ती पुरत नाहीये, तुम्ही कमी लावताय.

झिंकची पहिली ओळख मात्र कुणालाच आवडत नाही. रंग न घातलेलं झिंक माझ्यासारख्या सावळ्या चेहऱ्यावर लावलं की पिठाच्या गिरणीतून आल्यागत दिसतं, आणि घाम आला की भुवयांत आणि केसांच्या कडेला पांढरं साचतं. आमच्या घरातल्या पुरुषमंडळींनी एकदा लावून बघितलं, तर दाढीच्या खुंटांत अडकून बसलं. तो प्रयोग तिथेच संपला. टिंटेड घेतलं की हा त्रास बराच कमी होतो, पण बहुतेक कंपन्या एकच शेड काढतात आणि ती गव्हाळ रंगाला धरून असते. माझ्यावर एक-दोन तर राखाडी दिसली. बरी जुळणारी मिळायला थोडे पैसे वाया जातात, हे गृहीत धरा.

लावायची पद्धतही निराळी. चोळायचं नाही. बोटांवर ऊब देऊन थोडं थोडं थोपटत न्यायचं, गळ्यापर्यंत. जेल लागतं तेवढ्यात झिंकचं कपाळही होत नाही.

आता डोळे. जेल लावून स्कूटर चालवणाऱ्या कुणालाही विचारा. हेल्मेटच्या फोमखाली घाम साठतो, भुवईतून वाट काढतो आणि थेट डोळ्यात उतरतो. डोळा मिटतो, दुसऱ्यातून पाणी, समोरून एसटी. केमिकल फिल्टर, म्हणजे जेलमधले ऊन अडवणारे घटक, घामातून डोळ्यात गेले की बऱ्याच जणांना झोंबतात. झिंक माझ्या डोळ्यांना तरी कधी झोंबलं नाही. पण खरं सांगायचं तर एवढ्यावरून मी जेल सोडलं नसतं. कपाळाला झिंक आणि खाली जेल, अशी तोड काढून कितीतरी जणी चालवतात, आणि ते चालतंही.

माझा निर्णय लावला तो ॲप्रनच्या कॉलरने.

लॅबमध्ये पांढरा ॲप्रन रोजचा. जेल वापरायला लागल्यावर कॉलरच्या आतल्या कडेला नारिंगी पट्टे उमटायला लागले. पांढऱ्या कुर्त्याच्या गळ्याला, स्टोलच्या जिथे हनुवटी टेकते त्या घडीलाही. घामाचे पिवळे डाग मला माहीत आहेत, हे तसले नव्हते. यातली विचित्र गोष्ट अशी, की कपडा बादलीत टाकताना स्वच्छ असायचा आणि धुऊन निघाला की डागाळलेला. धुण्याने डाग पडतोय, हे कुणाला सांगितलं तर हसतील.

सासूबाईंनी हळदीला धरलं. पण हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो आणि दोन उन्हं दाखवली की उडतो. हा ना लाल झाला, ना उडाला. मग वाटलं साबण बदलून बघावा. तोही बदलला. ब्लीच घातलं तर रंग आणखी गडद होऊन बसला, आणि तिथे माझ्या डोक्यात लोखंड आलं, कारण गंजाचा डागही ब्लीचने असाच पक्का होतो.

आमची विहीर जांभ्यात, म्हणजे लोह असलेल्या तांबड्या दगडात, खोदलेली. बादली रात्रभर ठेवली की तळाला तांबूस गाळ बसतो, नळाखालच्या फरशीला तोच रंग चढलेला. पाण्यात लोह आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक, पण ते सनस्क्रीनशी नातं जोडेल असं कोणाच्या मनात येणार? पुष्कळ जेल सनस्क्रीनमध्ये यूव्हीए अडवायला अवोबेन्झोन नावाचा फिल्टर असतो. तो कपड्यात मुरतो, तेव्हा रंग नसतो. पाण्यातलं लोह भेटलं की दोघांचं मिळून नारिंगी काहीतरी बनतं आणि धाग्याला धरून बसतं.

पडताळून बघायला लॅबसारखी जागा नाही. जुन्या चादरीच्या दोन चिंध्या फाडल्या, दोन्हींना सारखं जेल चोळलं, एक डिस्टिल्ड पाण्यात धुतली, दुसरी घरून बाटलीत नेलेल्या विहिरीच्या पाण्यात. साबण तोच. डिस्टिल्डमधली पांढरीच्या पांढरी. विहिरीच्या पाण्यातली वाळेपर्यंत सुरंगीच्या गजऱ्याचा रंग घेऊन बसली. माझी नणंद पुण्यात तेच जेल वापरते, तिच्या कुर्त्यांना आजवर काही झालेलं नाही. म्हणजे जेल वाईट असं नाही. त्याचं आणि आमच्या पाण्याचं पटत नाही, एवढंच.

डाग पडलेच असतील तर ब्लीचच्या वाटेला जाऊ नका. लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवलं की ताजा डाग फिकटतो. जुन्याला गंज काढायचं ऑक्झॅलिक ॲसिडवालं औषध लागतं, ते हातमोजे घालून आणि जपून. दर आठवड्याला हे उद्योग करत बसण्यापेक्षा मला ट्यूब बदलणं सोपं वाटलं.

टिंटेड झिंकचा डाग पडत नाही असं नाही. कॉलरला, फोनच्या काचेला, हेल्मेटच्या पट्ट्याला तपकिरी लागतं. पण ते लागल्या लागल्या दिसतं आणि साध्या साबणाच्या वडीने घासलं की जातं. धुतल्यावर उगवणाऱ्या डागापेक्षा हा मला परवडला.

मेकअपचं थोडक्यात. जेलवर कॉम्पॅक्ट थापला की माझ्या गालांवर बारीक वळ्या निघायच्या, विशेषतः जेल पुरतं वाळायच्या आधी घाई केली तर. टिंटेड झिंकवर कॉम्पॅक्टची गरजच पडत नाही. काजळ आणि थोडी लिपस्टिक लावली की ऑफिसपुरतं भागतं. काजळही झिंकवर जास्त वेळ जागेवर राहतं असा माझा अनुभव. जेलवर दुपारी डबा खायच्या सुमाराला डोळ्यांखाली सावली पडलेली असायची.

ज्यांना वांग आहेत त्यांनी टिंटेडचा विचार जरा गंभीरपणे करावा. वांग नुसत्या यूव्हीनेच गडद होत नाहीत, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही होतात, आणि टिंटमधला आयर्न ऑक्साइड त्यातला काही भाग अडवतो. रंग नसलेलं जेल तिथे कमी पडतं. त्वचेचे डॉक्टर वांगांवर टिंटेड सुचवतात ते याचसाठी. माझ्या जाऊबाईंचे बाळंतपणानंतर आले होते. त्यांचे गेले असं मी म्हणणार नाही, पण यंदा मे महिन्यात वाढले नाहीत, एवढं त्या स्वतःच सांगतात.

रात्री झिंक काढणं हा मात्र खरा व्याप. नुसत्या फेसवॉशने ते निघत नाही, टॉवेलवर येतं. आधी खोबरेल, मग फेसवॉश. तारुण्यपिटिका असलेल्यांनी खोबरेलऐवजी मायसेलर वॉटर, म्हणजे मेकअप पुसायचं तयार पाणी, घ्यावं, कारण खोबरेल रंध्रं बुजवतं. जेलला एवढं काही करावं लागत नाही, आणि दमून घरी आल्यावर हा फरक छोटा नसतो.

पावसाळ्यात काय, हे लोक विचारतातच. पातळ ढगांतून बरंच यूव्ही खाली येतं, त्यामुळे सुट्टी नाही. पण रेनकोटच्या टोपीत झिंक लावून कोंडून घ्यायचं म्हणजे शिक्षा. जून ते सप्टेंबर मी स्वतः कधी कधी जेलकडे वळते, तेही ॲप्रनची कॉलर आतून रुमालाने झाकून.

मालवण-तारकर्लीला स्नॉर्कलिंगला जाणार असाल तर आणखी एक. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत, तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळांच्या काळजीने हवाईने 2021 पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट हे केमिकल फिल्टर असलेल्या सनस्क्रीनची विक्री थांबवली. आपल्याकडे असा नियम नसला तरी पाण्यात उतरताना पूर्ण बाह्यांचा टीशर्ट आणि उघड्या भागाला झिंक, हे मला बरं वाटतं.

मग जेल कुणी घ्यावं? दिवसभर ऑफिसात बसणाऱ्यांनी, नळाचं शुद्ध केलेलं पाणी असणाऱ्यांनी, फार तेलकट त्वचेच्यांनी, आणि ज्यांना सकाळी खरंच वेळ नसतो त्यांनी. त्यांना झिंक गळ्यात मारायला मी जाणार नाही. शिवाय अवोबेन्झोन नसलेली जेलंही मिळतात, किंमत बहुधा थोडी चढी. ट्यूबवर बारीक अक्षरांत अवोबेन्झोन किंवा ब्यूटिल मेथॉक्सीडायबेन्झॉयलमीथेन असं लिहिलंय का ते बघायचं. विहीर जांभ्यातली असेल आणि तरी जेलच हवं असेल, तर ही मधली वाट चांगली. पण उन्हातून गाडी, पांढरे कपडे आणि विहिरीचं पाणी, या तिन्हींत तुम्ही असाल, तर मी तुमच्या जागी टिंटेड झिंक घेईन आणि पुढचा विचार करणार नाही.

घेताना शेड हाताच्या पाठीवर बघू नका, जबड्याच्या कडेला लावा आणि दुकानाच्या पायरीवर उन्हात या. ट्यूबलाइटखाली सगळ्याच शेड जुळतात. मेडिकलवाला 'ताई, ही सगळ्यांना चालते' म्हणाला तरी. आणि घरी जेलची ट्यूब पडून असेल तर जुन्या पांढऱ्या चिंधीला थोडं चोळून आपल्याच पाण्यात धुऊन वाळत घाला. चिंधी पांढरी राहिली तर आहे तेच वापरा, नवीन काही घेऊ नका.