सहा फूट कॉर्निस खराब, गेले २७,००० रुपये

वरच्या बाथरूमची गळती आमच्या हॉलच्या छतात उतरली आणि पीओपीची कॉर्निस, म्हणजे भिंत आणि छत जुळतं तिथली नक्षीची पट्टी, फुगली. खराब झालेली जेमतेम सहा फूट. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत आधीच कुणाचं तरी काम करत असलेल्या ठेकेदाराला बोलावलं. "ताई, पाणी आतून सगळीकडे पसरलंय. पॅच मारला तर पावसाळ्यात खाली येईल." सगळी काढून पीयूची (पॉलीयुरेथेन, म्हणजे टणक फोमची) पट्टी लावायची ठरली. ९८ रनिंग फूट, २८० रुपये दराने २७,४४०. तोडकाम आणि डेब्रिजचे ६,००० वेगळे. १५,००० यूपीआयने लगेच घेतले.

खरी चलाखी पुढे आहे. त्याच्या पोराने हातोडा आधी समोरच्या कोरड्या भिंतीवर चालवला. घावावर घाव घातले तरी पट्टी सुटेना. तुकडा पडला तो टणक, आतला काथ्यासुद्धा कोरडा. पाण्याने कुजलेलं पीओपी नखाने कोरलं जातं, त्याला एवढा हातोडा कशाला लागेल? काम तिथेच थांबवायला हवं होतं, हे आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. पण घरभर धूळ, सासूबाईंना दमा, आणि धड पट्टी फुटल्यावर नाही म्हणायचं कोणत्या तोंडाने? म्हणूनच ते आधी धड असलेलंच फोडतात.

"माल सोडवायचाय" म्हणून आणखी १२,००० नेले. पडद्याच्या ब्रॅकेटसाठी ड्रिल मारलं तर पट्टीतून पांढरे मणी गळाले. थर्माकोल, वर पुट्टीचा हात! बेडरूम अर्धवट, फोन बंद.

चौकीत ताटकळत बसवून सांगितलं, "काम केलंय ना त्याने? मग हा दिवाणी वाद." थर्माकोलचा तुकडा टेबलावर ठेवला, साहेबांनी उचलूनसुद्धा पाहिला नाही. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. सेक्रेटरी म्हणतात, आम्ही कुठे त्याला नेमलं? मग त्याची माणसं रोज गेटमधून आत कुणाच्या परवानगीने येत होती? नोंदवहीची प्रत मागितली, तर कमिटीची मीटिंग होऊ दे म्हणे. वरची गळती अजून चालूच!

नंतर आलेल्या कारागिराने सांगितलं, गळती बंद करा, छत पूर्ण सुकू द्या, कुजलेला भाग कापून त्याच नक्षीचा तुकडा बसवू. सहा फुटांचे ३,५००! पट्टी स्वतः स्टुलावर चढून दाबून बघा. मालाचं नाव कोटेशनवर लिहून घ्या, नमुना मोडून बघा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, हे चौकीत कुणीही सांगत नाही. आणि हातोडा आधी ओल्या कोपऱ्यावरच मारायला लावा, तुमच्या डोळ्यांदेखत.